ग्रुपवर गजाली, व्हाळावर अर्धाच बंधारा

पत्र

ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीच्या ग्रामीण मंडळाचा सचिव. आमचं दुसरं मंडळ मुंबईत आहे. तेच जुनं, आणि पैसाही त्यांच्याकडूनच येतो. दोन्ही मंडळांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसं. दिवाळी झाली की आम्ही दरवर्षी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गोण्यांचा बंधारा घालतो. तो झाला की खालच्या विहिरींना पाणी राहतं, थोडी मिरची-भाजी होते.

गेल्या वर्षी तारखेवरून ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा चालली. शेवटी शनिवारी रात्री उशिरा मुंबईच्या अध्यक्षांचा मेसेज आला, ‘येत्या रविवारी बंधारा, सर्वांनी यावे.’ वाडीतली निम्मी माणसं सकाळी व्हाळावर हजर. बाकीच्यांनी पुढचा रविवार धरला, मुंबईकरही तेव्हाच आले. पहिल्या रविवारी अर्धवट राहिलेला बंधारा मधल्या आठवड्यात पाण्याने ढासळला होता. गोण्या पुन्हा भराव्या लागल्या. मग दोनदाच्या जेवणाचा खर्च कुणी मंजूर केला यावरून ग्रुपवर जुंपली आणि दोन काका ग्रुप सोडून गेले.

आता कुणी म्हणतं नवीन ॲप घेऊया. पुतण्या म्हणतो मंडळाचा ब्लॉग काढूया. बायको म्हणते सचिवपद सोडा. वर कुणीतरी घाबरवून ठेवलंय की ग्रुपवर कुणी भलतंसलतं टाकलं तर केस ॲडमिनवर होते. काय करू?
– वाडीचा सचिव

उत्तर

सचिव, पद सोडू नका. तुम्ही सोडलंत तर पुढचा सचिव त्याच ग्रुपवर याच भांडणात अडकेल, आणि त्याला निदान तुमच्याइतकं सविस्तर पत्र लिहिता येईल याची खात्री नाही.

पत्रात मला खटकलं ते ॲपबद्दलचं नाहीच. पंधरा दिवस सगळे ग्रुपवर बोलले आणि तारीख शेवटी एकाच माणसाने टाकली. मग पंधरा दिवस जे चाललं त्याचा त्या तारखेशी संबंध काय? निर्णय मुंबईच्या बैठकीत झाला किंवा अध्यक्षांच्या मनात, आणि वाडीला तो ऐकवला गेला. वाडीतली जुनी माणसं हे बरोबर ओळखतात. ‘सगळा मुंबयतच ठरता, मगे आमका कित्याक इचारतास?’ असं म्हणून ती फोन खिशात टाकतात, आणि आपण म्हणतो म्हाताऱ्यांना व्हॉट्सॲप कळत नाही. हे जोवर आहे तोवर कुठलंही नवीन ॲप घेतलंत तरी त्यावर हेच होणार. म्हणून नवीन ॲपचा विषय इथेच मिटवू. दोनशे माणसांना जे रोज उघडायची सवय आहे तेच ठेवा, फक्त त्याची नीट वाटणी करा.

तुमच्या एकाच ग्रुपवर वाढदिवसाचे केक, शिमग्याचे फोटो, बंधाऱ्याची तारीख, पाच हजारांचं बिल आणि कुणाचा तरी राग, सगळं एकाखाली एक वाहत असतं. केक संध्याकाळी शिळा होतो. तारखेची सूचना त्या दिवसापर्यंत लागते, ठराव पुढच्या वर्षीही लागतो, आणि बिल तर हिशोबतपासनीस मागेपर्यंत. ज्या गोष्टी इतक्या वेगवेगळ्या काळ टिकायच्या आहेत त्या एका ठिकाणी राहू शकत नाहीत.

यावर एक उत्तम घडी मराठीत बसलेली आहे, रोज डोळ्यासमोर असते आणि आपण बघत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथला कुठलाही लेख उघडा, शेजारी ‘चर्चा’ नावाचं वेगळं पान असतं. लेखात काय असावं, काय चूक आहे, कुठला दाखला हवा, ही सगळी वादावादी त्या पानावर. लेखात येतं ते ठरलेलं तेवढंच. आणि तिसरं असतं ‘इतिहास’, तिथे कुणी, कधी, कुठली ओळ बदलली ते कुणालाही बघता येतं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकत्र लिहू शकतात ती या तीन पानांमुळे. तुमच्या मंडळाला हीच तीन पानं हवीत, पडद्यावर ती कुठल्या नावाने येतात याला महत्त्व नाही.

चर्चेचं पान तुमच्याकडे आहेच. व्हॉट्सॲपने २०२२ च्या नोव्हेंबरात ‘कम्युनिटी’ ही सोय आणली. एका छत्राखाली अनेक ग्रुप ठेवता येतात आणि वर एक सूचनांचा ग्रुप असतो, त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. आताच्या ग्रुपला सरळ ‘गजाली’, म्हणजे गप्पा, असं नाव द्या आणि तिथे गुड मॉर्निंगलाही हरकत घेऊ नका. माणसं बोलली नाहीत तर मंडळ कसलं. बंधाऱ्याचा ग्रुप वेगळा, पंधरा-वीस माणसांचा, जी खरोखर फावडं उचलतात किंवा पैसे गोळा करतात त्यांचाच. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात म्हणून तेवढी भरलीच पाहिजेत असं नाही. सूचनांच्या ग्रुपवर मुंबईचे दोन आणि वाडीतले दोन ॲडमिन ठेवा, आणि नियम असा की एका बाजूच्या ॲडमिनने लिहिलेली सूचना दुसऱ्या बाजूच्या ॲडमिनने वाचून होकार दिल्याशिवाय जाणार नाही. गेल्या वर्षी हा एक नियम असता तर तुमच्या गोण्या दोनदा भरायची वेळ आली नसती.

तुमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं ते दोन स्तंभांत, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. दोन वेगळे वाचक, पण मजकूर एकाच दिवशी, एकाच पानावर, समोरासमोर. तुमचेही वाचक दोन आहेत. मुंबईला आधी कळलं आणि वाडीला नंतर, किंवा वाडीत ठरलं आणि मुंबईला पावती फाडताना समजलं, असं झालं की निम्मं भांडण तिथेच तयार होतं.

आता तो मेसेज. ‘येत्या रविवारी बंधारा, सर्वांनी यावे.’ यात लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की वाचणारा लगेच वाचणार. तुमच्याकडे निम्म्या घरांना रेंज सड्यावर, वरच्या माळावर, गेल्याशिवाय मिळत नसेल, रात्री अकराचा मेसेज कुणी सकाळी दहाला वाचणार, कुणी सोमवारी. ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या’, ‘आज संध्याकाळी’ हे शब्द सूचनेतून कायमचे काढून टाका. सूचना अशी लिहा:

‘बंधारा: रविवार, २२ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजता, व्हाळावर साकवाजवळ. प्रत्येक घरातून एक माणूस. आणायचं: फावडं किंवा घमेलं, आणि असतील तेवढ्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. दुपारचं जेवण मंडळाकडून. येणाऱ्या घरांनी बुधवार, १८ नोव्हेंबरपर्यंत सचिवांना कळवावं. १९ तारखेला पाऊस असेल तर बंधारा २९ नोव्हेंबरला, ते १९ च्या रात्री इथेच कळवू.’

रुक्ष वाटेल. सूचना रुक्षच असावी, ‘सर्व बंधू-भगिनींना नम्र विनंती’ने सुरू झालेली सूचना तारखेपर्यंत पोचेस्तोवर माणसाचं बोट खाली सरकलेलं असतं. ती आठ दिवस आधी पाठवा आणि वर पिन करून ठेवा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहते. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत सुधारता येतो, पण तारीख चुकली असेल तर गुपचूप सुधारू नका. ज्याने आधी वाचलं तो परत बघायला येत नाही. नवीन मेसेज टाका, ‘दुरुस्ती: २२ नव्हे, २९’. आणि ज्यांना वाचायचा कंटाळा आहे किंवा चष्मा सापडत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर कुणीतरी आवाजात वाचून टाका, मिनिटभराच्या आत. अध्यक्षांचे चार-चार मिनिटांचे आवाजी मेसेज मात्र बंद करायला सांगा. त्यात तिसऱ्या मिनिटाला आलेली तारीख दोन महिन्यांनी कुणाला सापडणार?

तारीख ठरवायला व्हॉट्सॲपवरच मतदान घेता येतं, दोन-तीन रविवार द्यायचे आणि ज्याने त्याने बोट लावायचं. पण इथे जरा थांबा, इथेच मंडळं फसतात. मुंबईच्या एका घरात चार फोन आणि ते चारही ग्रुपवर. वाडीतल्या घरात एक फोन, तोही कॉलेजला गेलेल्या मुलाच्या हातात. अशा मतदानात मुंबईचा रविवार जिंकणारच, आणि वाडीला वाटणार की रीतसर हरलो. तुम्ही वर्गणी माणशी घेता की घराप्रमाणे? घराप्रमाणे घेत असाल तर मतही घराप्रमाणेच घ्या. बंधाऱ्याच्या ग्रुपवर घरांची यादी टाका आणि प्रत्येक घरापुढे एकच उत्तर. ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथे तुम्ही किंवा शेजारी जाऊन विचारायचं आणि ते उत्तरही त्याच यादीत भरायचं. शिवाय या मतदानात कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. तारखेला ठीक आहे. ‘अमक्याच्या जागेतून पाइप न्यायचा का’ हा प्रश्न असा विचारलात तर शेजाऱ्याच्या तोंडावर कुणी नको म्हणणार नाही, आणि नंतर पाइप फोडला जाईल.

एक गोष्ट मुंबईकरांनाही सांगायला हवी. बंधाऱ्याची तारीख शेवटी व्हाळ ठरवतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्यातून झिरपून आणि उतारावरून पळून ते पाणी समुद्राला मिळतं. व्हाळाचा जोर ओसरला की लगेच अडवलं तर पाणी साठतं. जोर असताना घातला तर ढासळतो, फार उशीर केला तर अडवायला काही उरत नाही. म्हणून योग्य तो आठवडा वाडीने सांगायचा आणि त्यातला रविवार मुंबईने निवडायचा. व्हाळाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ रोज सकाळी बंधाऱ्याच्या ग्रुपवर टाका. पंधरा दिवसांच्या चर्चेने जे झालं नाही ते त्याने होईल, कारण परळला बसलेल्या माणसालाही पाणी दिसेल.

आता पुतण्या. त्याला ब्लॉग काढू द्या. ब्लॉग हे म्हातारं प्रकरण आहे, ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि २००३ मध्ये गूगलने ते घेतलं. तरी अशा कामाला त्याच्याइतकं साधं अजून दुसरं मला दिसलेलं नाही. पैसे लागत नाहीत, वाचायला ॲप लागत नाही, प्रत्येक नोंदीला तारीख आणि स्वतःचा पत्ता असतो, आणि खाली आलेली प्रतिक्रिया त्याच विषयाला चिकटून राहते. पण ‘आपले गाव, निसर्गाच्या कुशीत’ असं काही लिहायला त्याने घेतलं तर हात धरा. तसं पुष्कळ आहे. प्रत्येक बैठकीनंतर दहा ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, कुणाचा विरोध होता आणि का. विरोध जरूर लिहायचा. ज्याचं ऐकलं गेलं नाही त्याचं निदान लिहिलं गेलं, एवढ्यानेही पुष्कळ माणसं ग्रुप सोडत नाहीत.

आणि त्याची पहिली मोठी नोंद बंधाऱ्याचीच असू दे. ग्रुप सोडून गेलेले ते दोन काका, माझा अंदाज आहे की बंधारा कुठे आणि कसा घालायचा हे वाडीत सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक असणार. असंच असतं. पुतण्याला वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसवा. जागा हीच का धरतात? तळाला खडक लागतो का, काठ दोन्ही बाजूंनी घट्ट आहेत का? गोणी किती भरायची? गच्च भरली तर ती गोल होते आणि दुसरीवर बसत नाही, म्हणून थोडी रिकामी ठेवून तोंड शिवतात. वरच्या थरातली गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर यायला हवी, चिऱ्याच्या भिंतीत ठेवतात तशी, मधल्या फटींत माती. पाणी वरून जाणार ती बाजू कुठली ठेवायची? हे सगळं फोटोंसकट लिहा, दरवर्षी किती गोण्या लागल्या आणि पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकलं ते खाली वाढवत न्या. मोहन धारिया महाडजवळच्या नाते गावचे, आपल्या कोकणचेच. त्यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हा गोण्यांचा बंधारा ‘वनराई बंधारा’ म्हणून राज्यभर ओळखला जातो. पण तुमच्या व्हाळाला तो कसा लागू पडतो हे कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. ते त्या दोन काकांकडे आहे. नोंद झाली की छापील प्रत त्यांना वाचायला द्या, दुरुस्त्या करू द्या, खाली त्यांचं नाव टाका. ते ग्रुपवर परत येतील की नाही ते मी सांगू शकत नाही, पण व्हाळावर येतील.

ब्लॉग कुणालाही दिसतो, म्हणून त्यावर फोन नंबर, देणगीदारांची यादी, बँकेचा खाते क्रमांक, शाळेतल्या मुलांचे फोटो टाकायचे नाहीत. पैशांसाठी गूगल शीट ठेवा. खजिनदार आणि तुम्ही, दोघांनाच लिहायची मुभा, बाकी मंडळाला फक्त बघायची. तारीख, कशासाठी, किती, कुणी मंजूर केलं, बिलाचा फोटो. त्यातही विकिपीडियासारखा ‘इतिहास’ असतो, आकडा बदलला तर कुणी आणि केव्हा ते लिहायची मुभा असलेल्या तुम्हा दोघांना दिसतं. बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलात तर तो बारीक होऊन जातो आणि आकडे पुसट होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेवणाचं भांडण खरं तर पैशांचं नव्हतंच, दुसऱ्यांदा जेवण लागणार हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. एका ओळीत आधी लिहून मंजुरी घेतली असती तर कुणी शब्द काढला नसता. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला कोकणात कोण नाही म्हणेल.

बैठक ऑनलाइन घेत असाल तर गूगल मीटवर तीन किंवा त्याहून जास्त माणसांना फुकटात तासभर मिळतो, झूमवर ४० मिनिटं. तेवढा वेळ पुरे आहे. मात्र देवळात वीस माणसं एका फोनभोवती बसली आणि पलीकडे मुंबईचे पंधरा जण आपापल्या मोबाइलवर, तर बोलतात फक्त मुंबईकर. देवळात एक स्पीकर जोडा, आणि पहिली वीस मिनिटं वाडीने बोलायचं असं आधीच ठरवून घ्या.

रागाचं काय? राग ग्रुपवर उतरवायचा नाही आणि ग्रुपवर आलेल्या रागाला तिथे उत्तर द्यायचं नाही. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, म्हणून थट्टेतलं वाक्यही टोचतं, आणि दोनशे माणसं बघत असताना कुणीच माघार घेत नाही. ॲडमिनने एवढंच लिहावं, ‘काका, संध्याकाळी फोन करतो’, आणि खरंच करावा. अंगठ्याचंही एकदा ठरवून टाका. सूचनेखाली कुणी अंगठा दाखवला तर त्याने वाचलं, त्याला पटलं, की तो येणार? गेल्या वर्षी तुम्ही अंगठे मोजून जेवण केलं असेल तर पातेली का उरली ते कळेल.

केसची भीती मनातून काढा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा समान हेतू होता हे दिसावं लागतं. ॲडमिनला आता दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढूनही टाकता येतो. तेव्हा भलतंसलतं दिसलं की काढा, टाकणाऱ्याला समज द्या, पुन्हा केलं तर त्यालाही काढा. पुतण्या असला तरी.

आणि सगळं फोनवर ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि नेटवर्क कितीतरी दिवस नव्हतं. तुमच्याकडे तर नुसत्या पावसाळी रात्रीही वीज जाते. सूचनेचा कागद वाडीच्या दुकानात आणि देवळाच्या खांबावर लागलाच पाहिजे, शब्दाला शब्द तोच. घरांची यादी पाच-पाचच्या गटात वाटून प्रत्येक गटाला एक माणूस नेमा, तो हाक मारून सांगेल.

हे सगळं एकदम सुरू करू नका. यंदा सूचनांचा ग्रुप, घरांची यादी आणि हिशोबाची शीट एवढंच. ब्लॉग पुतण्याच्या वेगाने चालू दे. मुंबईच्या अध्यक्षांना मात्र यातलं काहीही मेसेजने कळवू नका, आणि हे उत्तर तर ग्रुपवर मुळीच टाकू नका. गणपतीला ते वाडीत येतील तेव्हा आरती झाल्यावर त्यांच्या खळ्यात जाऊन बसा, चहा होऊ दे, आणि आधी त्यांनाच विचारा की गेल्या वर्षी त्यांच्या बाजूने काय बिनसलं.